थंडीत गॅस गिझर पेटेना? आधी खिडकी उघडा, मग बाकीचं

जानेवारीतली सकाळ, सव्वासहा वाजलेले. मुलीची शाळा साडेसातची, सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या, आणि गिझर नुसता टक-टक-टक करतोय. पेटायचं नाव नाही. डोंबिवलीहून घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहायला आलो, त्या पहिल्याच थंडीत आमच्याकडे हे आठवडाभर चाललं. आम्ही दोनदा मेकॅनिक बोलावला, अर्धाअधिक भरलेला सिलिंडर बदलला, नवीन गिझर घ्यायचं जवळजवळ ठरवलं. शेवटी दोष निघाला पाण्याच्या जाळीत, जी काढून धुवायला दहा मिनिटं लागली. आणि त्याच आठवड्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती पहिल्याच पायरीत सांगते, कारण पाणी गार राहिलं तर फार तर एक दिवस पारोसं राहावं लागतं, पण त्या चुकीने जीव जाऊ शकतो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने भाड्याच्या किंवा स्वतःच्या घरात आला असाल, आणि घरात आधीपासून बसवलेला गॅस गिझर असेल (नळ सोडला की आपोआप पेटतो तो, साठवणीची टाकी नसलेला), तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज: गॅस जमलेला नाही

थंडीत गिझर रुसला की शेजारीपाजारी पहिलं हेच सांगतात, "सिलिंडरमधला गॅस जमला असेल." आम्हीही त्यावर विश्वास ठेवून सिलिंडर बदलला. घरगुती सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. म्हणजे लडाखच्या हिवाळ्यात ब्युटेन द्रवरूपातच बसून राहील आणि शेगडी मंद होईल, हे खरं. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिथे घरं गरम ठेवायला अंगणात प्रोपेनच्या टाक्या असतात, आणि बाहेर उणे वीस असलं तरी त्यातून गॅस येतो, तो याच कारणाने. आपल्याकडे येऊरच्या डोंगराकडून कितीही बोचरा वारा आला तरी पहाटेचा पारा चौदा-पंधराच्या खाली क्वचितच जातो. त्या तापमानाला सिलिंडरमध्ये पुरेसा दाब असतो.

मग थंडीतच हे का होतं? कारण उन्हाळाभर गिझर बंद पडून असतो, त्यात सेल उतरतात. पाणी जास्त गार असतं, म्हणून गिझर जास्त वेळ चालतो. आणि आपण खिडक्या लावून घेतो.

हाताशी काय ठेवायचं

मोठे जाडे सेल दोन (डी साइझचे, दीड व्होल्टचे, अल्कलाइन असतील तर उत्तम), टॉर्च, दहा लिटरची बादली, घड्याळ, जुना दात घासायचा ब्रश, वाटीभर साबणाचं पाणी आणि एक पाना. सेल जांभळी नाक्याला किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. फक्त रिमोटचे पेन्सिल सेल आणू नका, ते बसत नाहीत.

कागदांपैकी गिझरचं बिल आणि वॉरंटी कार्ड, गॅसचं पुस्तक किंवा ग्राहक क्रमांक, आणि पाइप गॅस असेल तर महानगर गॅसचं बिल (त्यावर बीपी नंबर असतो). भाड्याचं घर असेल तर गिझर मालकाचा आहे की आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला, हे मालकाला विचारून घ्या. गिझरच्या अंगावर चिकटवलेल्या पट्टीचा फोटो आत्ताच काढून मोबाइलमध्ये ठेवा, पुढे तीनदा लागेल.

१. आधी हवा

गिझर बाथरूमच्या आत आहे का? असेल तर आज पाणी गरम झालं तरी प्रश्न सुटलेला नाही, हे लक्षात ठेवा.

त्या जानेवारीत बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांतून वारा येतो म्हणून मीच तिथे पुठ्ठा लावला होता, वर जुनी वर्तमानपत्रं खोचली होती. दुसऱ्यांदा मेकॅनिक येऊन गेला, गिझर कसाबसा पेटायला लागला, आणि रविवारी मुलगी केस धुवायला गेली. वीसएक मिनिटांनी बाहेर आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आई, पाय गळून गेलेत." चेहरा पांढरा नव्हता, उलट गरम पाण्याने होतो तसा लालसर. मला वाटलं, उपाशी आहे. दूध दिलं, तर ओकली. खालच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघायच्या आधी विचारलं, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?"

तो कार्बन मोनॉक्साइड होता. हवा पुरी पडली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला दोन्हींतला फरक कळत नाही आणि तो नेहमीसारखा आकडा दाखवतो. म्हणून आकडा ९८ आला तरी निर्धास्त होऊ नका.

आता हिशेब बघा. मिनिटाला सहा लिटरचा गिझर पूर्ण ताकदीने दहा मिनिटं चालला तर साधारण दोन घनमीटर हवा खातो. चार फूट बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून सहा-सव्वासहा घनमीटर हवा असते. सिडकोच्या जुन्या घरांतली कित्येक बाथरूम याहूनही लहान आहेत. दार बंद, खिडकी बंद, आत वाफ आणि आपलं माणूस.

म्हणून:

- गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या पॅसेजमध्ये हवा, आणि त्या बाल्कनीला काच लावून ती बंद केलेली नसावी. गिझर आत असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत वापरूच नका. शेगडीवर पातेलं ठेवा.
- नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. बाहेरून ताजी हवा आत यायलाही वाट लागते.
- ज्वाला निळी हवी. पिवळी, लांबट, झुलणारी ज्वाला किंवा गिझरच्या वरच्या बाजूला काजळी दिसली तर लगेच बंद करा. आमच्या गिझरची ज्वाला त्या रविवारी पिवळी होती. आठवडाभर आम्ही तो पेटतोय की नाही एवढंच बघत होतो, रंग कोणी बघितलाच नाही.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. धुराचा अलार्म वेगळा, गॅस गळतीचा वेगळा. ते दोन्ही या वायूसाठी वाजत नाहीत.

अंघोळ करताना कोणाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायांत त्राण नसणं असं काही झालं, तर आधी त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. आतून उत्तर येत नसेल तर दार तोडा. घरात सांगून ठेवा की गिझर चालू असताना आतून कडी लावायची नाही. डॉक्टरांना "गॅस गिझर" हे दोन शब्द आधी सांगा. मुलीला त्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवलं, संध्याकाळी ती घरी आली.

२. गिझर कुठल्या गॅसचा आहे?

ही पायरी नव्या घरात गेलेल्यांसाठी. सिलिंडरचा गॅस गिझरला साधारण ३० मिलिबार दाबाने मिळतो, पाइपचा सुमारे २१ मिलिबारने. दोघांसाठी जेटची (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाची) भोकंही वेगळ्या मापाची असतात. सिलिंडरचा गिझर तसाच पाइपला जोडला तर ज्वाला बारीक, पाणी कोमट. पाइपचा गिझर सिलिंडरला जोडला तर ज्वाला मोठी, पिवळी, काजळी धरणारी, आणि हा प्रकार जास्त धोक्याचा.

पट्टीवर एलपीजी (सिलिंडरचा गॅस) लिहिलंय की पीएनजी (पाइपचा), तेवढं वाचा. आमच्या बिल्डिंगमध्ये पाइप गॅस आला तेव्हा सगळ्यांनी शेगड्यांचे जेट बदलून घेतले आणि दोन-तीन घरांत गिझर मात्र विसरले. बदल कंपनीच्या किंवा अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. सुईने भोक मोठं करून देणारे भेटतात, त्यांना गिझरला हात लावू देऊ नका.

३. सेल

नळ सोडा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही: सेल संपले, उलटे बसले, किंवा पाणी कमी आहे. टक-टक येतेय पण संथ, दमल्यासारखी: सेल उतरलेत. टक-टक जोरात, भराभर, पण ज्वाला नाही: सेल ठीक, गॅस बघा.

सेलचा डबा बहुतेक गिझरांत खालच्या अंगाला असतो. उघडल्यावर पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर जुने सेल गळले आहेत. भुकटीला उघडा हात लावू नका. कोरड्या ब्रशने घासून, कपड्याने पुसून नवीन सेल बसवा. दोन्ही सेल एकदमच बदलायचे. एक जुना, एक नवा असं केलं की आठवड्यात पुन्हा तेच.

४. पाणी

ठाण्या-नवी मुंबईच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात, आणि मेकॅनिक सगळ्यात शेवटी इथेच बघतो.

गिझरमध्ये एक रबरी पडदा असतो, मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या दाबाने तो फुगतो, त्याने गॅसचा मार्ग उघडतो. दाब कमी तर पडदा फुगत नाही, आणि सेल कितीही नवे असले तरी गिझर गप्प. पट्टीवर कमीत कमी दाब लिहिलेला असतो, बऱ्याच गिझरांवर ०.०२ किंवा ०.०२५ मेगापास्कल. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरच्या वर निदान दोन-अडीच मीटर तरी हवी, शिवाय पाइपच्या वळणांत जाणारा दाब वेगळा. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात गिझर पेटत नाही आणि तळमजल्यावर त्याच कंपनीचा गिझर धडधड चालतो. वरच्या मजल्यासाठी प्रेशर पंप असेल तर तो किती वाजता चालू होतो, वॉचमनला विचारा. आमच्या सी विंगमध्ये तो साडेसहाला सुरू व्हायचा आणि त्याच्या आधी अंघोळीला जाणारी माणसं गिझरला दोष द्यायची.

तपासायचं असं: गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा, खाली दहा लिटरची बादली, घड्याळ लावा. बादली दोन मिनिटांच्या आसपास भरली तर पाणी पुरेसं आहे. चार मिनिटांपेक्षा जास्त लागली तर दोष पाण्याचा आहे.

मग गिझरकडे येणाऱ्या गार पाण्याचा अँगल कॉक बंद करा, पाना लावून जोडनळी सोडवा (खाली बादली ठेवा, राहिलेलं पाणी पडतं). आत नखाएवढी बारीक जाळी असते. आमची जाळी बाहेर काढली तेव्हा ती दिसतच नव्हती. लालसर गाळाचा लगदा, त्यावर क्षारांचा पांढरा कडक थर, आणि मधे एक पाइपच्या आतला सुटलेला कपचा. आठवडाभर आधी सोसायटीने टाकी धुतली होती, सगळा गाळ खाली उतरलेला. टँकर किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या बिल्डिंगमध्ये क्षार जास्त धरतात. जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवायची, ब्रशने घासायची, धुवून परत बसवायची. सोबत शॉवरची चाळणीही काढून धुवा, कारण बाहेर जाणारी वाट तुंबली तरी प्रवाह कमीच होतो.

जाळी स्वच्छ, बादली वेळेत भरते, तरी टक-टक नाही आणि गिझरच्या खालून थेंब गळतायत, तर रबरी पडदा फाटलेला असू शकतो. तो बदलणं मेकॅनिकचं काम.

५. गॅस

आधी शेगडी पेटवून बघा. पण शेगडी पेटते म्हणजे गिझरला गॅस पुरतो, असं नाही. आम्ही इथेच गोंधळलो. शेगडीच्या एका बर्नरच्या पाचेक पट गॅस गिझर एका वेळी खेचतो. सिलिंडर संपत आला की चहा होतो, गिझर मात्र विझतो.

सिलिंडर १४.२ किलोचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते एकूण वजनातून वजा केलं की उरलेला गॅस कळतो. काटा नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर उभा पुसा. जिथवर द्रव आहे तो भाग उशिरा वाळतो.

एकामागोमाग चार जणांच्या अंघोळी झाल्या की सिलिंडर हाताला गारढोण लागतो, कधी त्याला घामही फुटतो. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती सिलिंडरमधूनच घेतली जाते, म्हणून दाब थोडा पडतो. आपल्या हवेत गॅस "जमण्याच्या" जवळ जाणारी गोष्ट एवढीच. दहा-पंधरा मिनिटं थांबा. सिलिंडरवर गरम पाणी ओतू नका, तो शेगडीजवळ सरकवू नका, आणि आडवा तर कधीच करू नका, कारण त्याने द्रव गॅसच रेग्युलेटरमध्ये जातो.

नळीवर मुदत छापलेली असते, सुरक्षा नळीची सहसा पाच वर्षं. मुदत संपली असेल तर चिरा दिसत नसल्या तरी बदला. शेगडीच्या नळीला मधेच टी (तीन तोंडांचा जोड) लावून गिझर जोडलेला आढळला, तर तो आधी काढून घ्या. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर ए-२७ असं काही लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे पुढचे तीन महिने, असं डीपर्यंत, आणि २७ म्हणजे २०२७. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची तारीख असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊच नका.

गळती बघायला साबणाचं पाणी, काडी कधीच नाही. बुडबुडे आले किंवा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि मोरीत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक पाइपला आडवा करून बंद करा आणि बिलावर छापलेल्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा.

६. पेटतो, पण टिकत नाही किंवा पाणी कोमटच

पेटून दोन-चार सेकंदांत विझत असेल तर ज्वाला ओळखणाऱ्या पिनेवर काजळी धरलेली असते. मेकॅनिकला तेवढंच सांगा, "पिन साफ करा, कॉइल बदलू नका." बरोबर वीस मिनिटांनी बंद होत असेल तर तो बिघाड नाही, बऱ्याच गिझरांत तशी सुरक्षेची सोय असते. नळ बंद करून पुन्हा सोडा.

कोमट पाण्यासाठी आधी उन्हाळा-हिवाळा नॉब बघा. मेमध्ये उन्हाळ्यावर फिरवलेला असतो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. मग पाण्याचा नॉब थोडा कमी करा. गिझरची ताकद ठरलेली असते: मिनिटाला सहा लिटर पाणी गेलं तर ते साधारण २५ अंशांनी तापतं, चार लिटर गेलं तर त्याहून बरंच जास्त. गार पाण्याचा नळ सोबत सोडून दोन्ही मिसळायची सवय असेल तर ती थंडीत सोडा, गार पाण्याच्या जोराने गरम पाण्याचा प्रवाह तुटतो आणि गिझर मधेच विझतो.

७. मेकॅनिक बोलवायचा तर

इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून जो पहिला नंबर दिसेल त्यावर फोन करू नका. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा गिझरच्या पट्टीवरून घ्या. आमच्या मजल्यावरच्या काकांना अशाच एका खोट्या नंबरवाल्याने आगाऊ पैसे भरायला लावले, आणि कोणी आलंच नाही.

मेकॅनिक आल्यावर त्याला तुमची बादलीची वेळ सांगा, टक-टक कशी येते ते सांगा. जो भाग बदलला तो जुना भाग मागून घ्या. आमच्याकडे पहिल्या मेकॅनिकने "किट" बदललं म्हणून पैसे घेतले आणि जुनं किट सोबत नेलं, आजही मला माहीत नाही की त्याने काय बदललं. जाण्याआधी त्याच्यासमोर गिझर पाच मिनिटं चालवा, ज्वालेचा रंग स्वतः बघा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावायला सांगा. गॅसच्या बाजूचा एकही स्क्रू स्वतः उघडू नका. पाणी आणि सेल आपले, गॅस त्याचा.

होळीनंतर गिझर बंद केलात की सेल काढून ठेवा, गॅसचा कॉक बंद करा. दिवाळीच्या सफाईत जाळी धुवा, नवीन सेल घाला, खिडकीपुढे काही ठेवलेलं असेल तर ते उचला आणि एकदा पेटवून ज्वाला बघा.